सोळा चौकोनांच्या बाहेरचं गाणं

होस्टेलच्या कुठल्याही विंगमध्ये रात्री अकरानंतर एक चक्कर मारा. चार-पाच खोल्यांमागे एका खोलीतून तरी 'धुप् धुप् धुप् धुप्' ऐकू येतंच. आत कुणीतरी लॅपटॉपसमोर मान हलवत बसलेलं असतं. "काय चाललंय?" "ट्रॅक बनवतोय." पंधरा दिवसांनी विचारा, तोच ट्रॅक चालू असतो. महिन्याने विचारा, दुसरा चालू असतो. "आणि पहिल्याचं काय झालं?" "तो राहिला रे!" प्रत्येकाच्या हार्ड डिस्कवर असे वीस-पंचवीस 'राहिलेले' ट्रॅक सापडतील. आठ बारचा झकास लूप, आणि पुढे शांतता.

असं का होतं? सगळी सामग्री हाताशी असताना गाणं पूर्ण का होत नाही? आणि झालंच, तर ते शेजारच्या खोलीतल्या गाण्यासारखंच का वाजतं?

या विषयावर कॉलेजात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष मुख्यतः स्टाफरूमचा. त्यांचं म्हणणं, "हे कसलं संगीत? वाजवतो कॉम्प्युटर, तुम्ही नुसती बटणं दाबता. त्यापेक्षा पेटी शिका, तबला शिका." दुसरा पक्ष आपला, होस्टेलवाल्यांचा. "कॉम्प्युटर म्हणजे नुसतं साधन हो सर! पेनने कविता लिहिली तर ती काय पेनची होते?" टाळ्या मिळवायला दोन्ही वाक्यं बरी आहेत. पण मला विचाराल तर दोन्ही अर्धीच खरी आहेत.

आधी आपल्याच पक्षाचं बघू. पेन तुम्हाला काय लिहायचं ते सुचवत नाही. संगीताचं सॉफ्टवेअर सुचवतं, आणि तेही तुम्ही काही करायच्या आधीच! कुठलंही नवीन प्रोजेक्ट उघडा. टेम्पो भरलेला असतो, बहुतेक ठिकाणी 120 किंवा त्याच्या आसपास. ताल भरलेला असतो, चार-चारचा. ठेका मांडायला सोळा चौकोनांची ओळ तयार असते. स्वरांसाठी पियानोच्या पट्ट्या असतात, एका सप्तकात मोजून बारा. म्हणजे पेपर हातात पडला तेव्हाच पहिले चार प्रश्न कुणीतरी सोडवून ठेवलेले! आपण खूश होतो आणि पाचव्यापासून सुरुवात करतो. पण गाण्याचा निम्मा स्वभाव त्या पहिल्या चार प्रश्नांत ठरतो, त्याचं काय?

रूपक सात मात्रांचा, झपताल दहा मात्रांचा. सॉफ्टवेअरमध्ये सात मात्रा होत नाहीत का? होतात की, दोन क्लिकचं काम आहे. पण करतो कोण? तीच गोष्ट मींडेची. 1983 साली डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने 'मिडी' नावाचं स्टँडर्ड आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलायला लागली. फार मोठं काम झालं ते. पण त्यात प्रत्येक पट्टीला 0 ते 127 मधला एक नंबर दिलेला असतो. 'सा'ला एक नंबर, कोमल 'रे'ला त्याच्या पुढचा, आणि दोघांच्या मधल्या जागेला नंबरच नाही. दरबारीतला आंदोलित गंधार बिचारा कुठे राहणार? त्याच्यासाठी पिच बेंडची सोय आहे आणि ती 14 बिटची आहे, म्हणजे 16,384 पायऱ्या. चिक्कार झाल्या! थोडक्यात, मशीनला जमतं, पण ते पहिल्या स्क्रीनवर दिसत नाही. आणि जे पहिल्या स्क्रीनवर दिसत नाही ते आपल्यातल्या नव्वद टक्के लोकांच्या गाण्यात येत नाही.

तालाचंही तेच. लावणीची ढोलकी ऐका. ठोका घड्याळाच्या काट्यावर पडत नाही, किंचित अलीकडे-पलीकडे पडतो, आणि मजा तिथेच असते. रॉजर लिन यांनी 1980 च्या एलएम-1 या ड्रम मशीनमध्ये चुकलेले ठोके आपोआप जागेवर बसवायची सोय दिली. त्याचंच आजचं रूप म्हणजे 'क्वांटाइझ'. एक बटण दाबा, सगळे ठोके रांगेत, पीटीच्या तासाला उभे केल्यासारखे. पण लिन यांनीच डिझाइन केलेल्या एमपीसी मालिकेतलं मशीन घेऊन डेट्रॉइटच्या जे डिलाने उलटं काम केलं. तो ठोके मुद्दाम पुढेमागे सरकवायचा. त्याचे ड्रम ऐकताना आता पडणार, आता पडणार असं वाटतं आणि ते पडत नाहीत. तो 2006 मध्ये गेला. त्याचं एमपीसी 3000 आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेलं आहे. मशीनने दिलेलं उत्तर न घेता स्वतःचं उत्तर लिहिणाऱ्याला मिळालेला हा मान आहे.

आता स्टाफरूमच्या पक्षाकडे वळू. मशीन आलं की प्रतिभा गेली, असं खरंच होतं का? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको, मुंबईपर्यंत जाऊ.

1982 साली मुंबईत चरणजीत सिंग यांनी एक रेकॉर्ड केली. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत वाजवणारे हे वादक. त्यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती: ज्युपिटर-8 सिंथेसायझर, टीआर-808 ड्रम मशीन आणि टीबी-303. यातलं 303 गंमतशीर प्रकरण आहे. गिटारवाल्यांना घरी सराव करताना बास गिटारची साथ मिळावी म्हणून ते काढलेलं. पण बास गिटारसारखा आवाज काही त्यातून निघेना, खपही होईना, 1984 मध्ये उत्पादन बंद! मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय त्यात होती. सिंग यांनी ही यंत्रं रागांना जुंपली. भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग आणि खाली डिस्कोचा ठेका. रेकॉर्ड तेव्हा फारशी चालली नाही. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या फ्यूचर या ग्रुपने सेकंडहँड 303 ची बटणं भलतीकडे फिरवून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि त्यातून अ‍ॅसिड हाऊस नावाचा अख्खा प्रकार उभा राहिला. 2010 मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा बाजारात आली तेव्हा परदेशातले लोक चाट पडले. असलं काही मुंबईत पाच वर्षं आधीच होऊन गेलं होतं!

लक्षात घ्या, यंत्र एकच होतं, आणि ते ज्या कामासाठी बनवलं त्या कामात नापास झालेलं. मुंबईत त्यातून राग निघाले, शिकागोत अ‍ॅसिड. मशीनने प्रतिभा मारली असती तर हे झालं नसतं. पण याच्या उलटही बघा. या लोकांकडे दहा हजार आवाजांची लायब्ररी असती तर ते त्या नापास डब्याशी इतके दिवस झुंजत बसले असते का? मला शंका आहे.

दुसरं उदाहरण खास आपल्यासाठी. सॅम्पलिंग थिअरम परीक्षेपुरतं सगळ्यांचं पाठ असतं. 1987 मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-1200 हे सॅम्पलर आलं. 12 बिट, सॅम्पलिंग रेट 26.04 किलोहर्ट्झ, आणि एकूण मेमरी किती? फक्त 10 सेकंद! न्यूयॉर्कच्या हिप-हॉपवाल्या पोरांनी यावर तोडगा काढला. 33 च्या स्पीडची रेकॉर्ड 45 वर लावायची, भरभर सॅम्पल करायची आणि मशीनमध्ये पुन्हा खाली आणायची. 45 भागिले 33.33 म्हणजे 1.35, म्हणून 10 सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा माल मावला. पण इंजिनिअरिंगमध्ये फुकट काही मिळत नाही. मूळ आवाजाच्या हिशेबाने सॅम्पलिंग रेट 19 किलोहर्ट्झच्या जवळ घसरला, वरच्या फ्रीक्वेन्सी गेल्या, खरखर आली. आणि ती खरखर म्हणजेच त्या काळच्या हिप-हॉपचा आवाज! आज तीच खरखर आणायला प्लगइन विकत मिळतात. आपल्या 512 जीबीच्या डिस्कवर सीडीच्या दर्जाचा आवाज साधारण 800 तास मावतो. 800 तास जागा असलेल्याला साडेतीन सेकंदांची काटकसर कशाला सुचेल?

आता कुणी म्हणेल, म्हणजे जुनं ते सोनं, हेच ना? नाही हो! 1963 मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बिशर यांनी रॉन ग्रेनर यांच्या चालीवरून 'डॉक्टर हू' मालिकेचं शीर्षकसंगीत केलं. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेली ही बाई. एक तार छेडून रेकॉर्ड करायची, ऑसिलेटरचे आवाज घ्यायचे, प्रत्येक स्वर टेपवर वेगळा बनवायचा, ब्लेडने कापायचा आणि चिकटवायचा. आजही ते ऐकताना अंगावर काटा येतो. पण म्हणून आपण ब्लेड घेऊन टेप कापत बसायचं नाही. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक स्वराला इतके कष्ट पडत होते की तो इथे का हवा, याचं उत्तर त्यांना आधी द्यावंच लागत होतं.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. जुनी यंत्रं 'का?' हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नव्हती. कॉम्प्युटर जाऊ देतो. त्याने कष्ट कमी केले हे चांगलंच झालं, पण कष्टांबरोबर तो प्रश्नही उचलून नेला.

तसं हे कॉम्प्युटरवरच सुरू झालं असंही नाही. जॉन चाऊनिंग यांनी स्टॅनफर्डला शोधलेल्या एफएम सिंथेसिसवर यामाहाने 1983 मध्ये डीएक्स-7 हा कीबोर्ड काढला. लाखावर खपला. पण त्यात स्वतःचा आवाज बनवणं इतकं किचकट होतं की बहुतेकांनी आत भरलेले तयार आवाजच वापरले. त्या दशकातल्या कितीतरी गाण्यांत तोच तो इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो, तो त्यामुळे. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आठवा. गाव बदलतं, आवाज बदलत नाही.

प्रीसेट म्हणजे काय, हे होस्टेलवाल्याला समजावून सांगायला नको. प्रीसेट म्हणजे सिनियरची फाईल! जर्नल सुंदर दिसतं, ग्राफ बरोबर येतो, रीडिंग एकदम आदर्श. मग व्हायवाला एक्स्टर्नल शांतपणे विचारतात, "हा रेझिस्टर 4.7 किलोओहमचाच का घेतलास?" आणि आपण छताकडे बघतो.

माझ्या मते संगीताचीही परीक्षा हीच आहे. तिला व्हायवा टेस्ट म्हणू. तुमच्या ट्रॅकमधल्या कुठल्याही आवाजावर बोट ठेवून कुणी विचारलं, "हा इथे का?", तर उत्तर देता आलं पाहिजे. उत्तर तांत्रिक नको. "इथे जरा मोकळं वाटावं म्हणून" हेही चालेल. फक्त "तसाच आला होता" हे चालणार नाही. जितक्या आवाजांचं उत्तर तुमच्याकडे असेल, तितकं गाणं तुमचं. बाकीचं सॉफ्टवेअर कंपनीचं.

या परीक्षेत तयार लूप वापरणारा आपोआप नापास होतो असं समजू नका. रिहानाच्या 2007 च्या 'अम्ब्रेला'मधले ड्रम अ‍ॅपलच्या गॅराजबँडमधले आहेत, 'व्हिंटेज फंक किट 03' नावाचा लूप. लाखो लोकांच्या कॉम्प्युटरवर तो तेव्हा पडून होता. तोच का, आणि त्याच्यावर काय बांधायचं, याचं उत्तर ज्यांना सापडलं त्यांचं गाणं झालं. तसंच ऑटो-ट्यूनचं. अँडी हिल्डेब्रँड हे तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींच्या डेटावर काम केलेले इंजिनिअर. सिग्नल प्रोसेसिंगमध्ये आपण शिकतो ते ऑटोकोरिलेशन वापरून त्यांनी बेसूर गळा गुपचूप सुरात आणायचं सॉफ्टवेअर 1997 मध्ये काढलं. 1998 मध्ये शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये निर्मात्यांनी त्याचा वेग अगदी टोकाला नेऊन गळाच यंत्रासारखा तोडून टाकला. गुपचूप वापरायची गोष्ट त्यांनी उघड केली, ही कल्पना. पुढच्या हजारोंनी तेच केलं, ती सवय. बटण एकच, फरक फक्त 'का?'चा.

आणि आता तर 2023-24 पासून सुनो, युडिओसारखी एआयची साधनं आली. दोन ओळी टाइप करा, मिनिटाभरात गाणं तयार, गायकासकट! स्टाफरूमचा पक्ष म्हणेल, बघा, आम्ही सांगत नव्हतो? मी म्हणेन, हाही सिनियरच, फक्त सगळ्या जगाच्या फाईल्स जमवून बसलेला. त्याच्याकडून काही घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण जे घ्याल त्याला व्हायवा लावा. मिनिटाभरात आलेल्या तीन मिनिटांच्या गाण्यात असे 'का?' शेकड्याने असतात आणि त्यातल्या एकाचंही उत्तर तुम्ही दिलेलं नसतं. अशा गाण्याखाली आपलं नाव घालताना हात थोडा अडखळायला हवा.

इतकं बोलल्यावर कॉम्प्युटरच्या बाजूने बोललंच पाहिजे, नाहीतर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून काय उपयोग! 1969 मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकेचे डेव्हिड ट्यूडर यांनी तो मांडून दिला, मूग सिंथेसायझर आणला, गीता साराभाईंसारख्या मोजक्या लोकांनी तिथे प्रयोग केले. तेव्हा अशा यंत्राला हात लावायला मिळणं हेच भाग्य. आज सेकंडहँड लॅपटॉपवर फुकटचं ऑडॅसिटी टाकलं की टेप कापण्याचं अख्खं वर्कशॉप तुमच्या कॉटवर येतं. ही लहान गोष्ट नाही. जिच्या घरी पेटीसुद्धा नव्हती अशी मुलगी आज संगीत करू शकते.

शिवाय कॉम्प्युटरला कॉम्प्युटरसारखं वापरायचंही एक संगीत आहे. बेल लॅबमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी 1957 मध्ये आयबीएम 704 वर प्रोग्रॅम लिहून 17 सेकंदांचं संगीत वाजवलं, तेव्हा तिथे कुठले चौकोन नव्हते. आज प्युअर डेटा, सुपरकोलायडर, सोनिक पाय या फुकट मिळणाऱ्या साधनांत तुम्ही कोड लिहून आवाज करता. स्क्रीन कोरी असते. सात मात्रा हव्या तर सात लिहा, साडेसात हव्या तर साडेसात. सप्तकाचे बावीस भाग करायचे? एक ओळ बदला. ज्यांना फॉर लूप आणि साइन वेव्ह दोन्ही येतात अशी माणसं आपल्या कॉलेजात जितकी आहेत तितकी संगीत विद्यालयातही नसतील. आणि आपण काय करतो? सोळा चौकोन भरतो!

म्हणून नुसता उपदेश करून न थांबता एक सूचना करतो. आपल्या गॅदरिंगमध्ये वाद्यवादन आहे, ऑर्केस्ट्रा आहे, डीजे नाइट तर आहेच. कॉम्प्युटरवर स्वतः केलेलं संगीत ऐकवायला मात्र जागा नाही. एक स्पर्धा ठेवू या. नियम पाच. एक, ट्रॅक तीन मिनिटांचा, त्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही हवेत. दोन, सगळे आवाज आपल्याच कॅम्पसमध्ये रेकॉर्ड केलेले. तीन, आवाज जास्तीत जास्त आठ. चार, वेळ एक रात्र, संध्याकाळी आठ ते सकाळी आठ. अख्ख्या सेमिस्टरचं सबमिशन एका रात्रीत करणाऱ्यांना हे अवघड जाऊ नये. पाच, व्हायवा. परीक्षक दोन, एक गाणं जाणणारे आणि एक इलेक्ट्रॉनिक्सचे, आणि दोघांनी ट्रॅक ऐकून "हा आवाज इथे का?" हेच विचारायचं.

मर्यादा पूर्वी यंत्राबरोबर फुकट मिळायच्या, आता त्या आपल्याच आपल्याला घालून घ्याव्या लागणार. स्टाफरूमला विनंती एवढीच, की 'बटणं दाबता' म्हणण्याआधी परीक्षक म्हणून या आणि प्रश्न विचारा. होस्टेलला विनंती ही, की उत्तरं तयार ठेवा.

आवाज कुठून आणायचे हा प्रश्न पडणार नाही. मेसमधली ताटं आहेत, वर्कशॉपमधलं लेथ आहे, जिन्यातलं लोखंडी गेट आहे. आणि सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर तर रात्रंदिवस सूर लावून बसलेला आहे. सप्लाय 50 हर्ट्झचा, म्हणून त्याचा सूर दुप्पट, 100 हर्ट्झचा. पियानोवरचा 'जी' 98 वर असतो आणि त्याच्या पुढची काळी पट्टी जवळजवळ 104 वर. म्हणजे आपला ट्रान्सफॉर्मर दोन पट्ट्यांच्या मधे गातो. पट्टीवर त्याला जागा नाही, ती तुम्हाला करून द्यावी लागेल. सुरुवात तिथून करायला हरकत नाही.